मेहकरातून डेट्रॉइटची काळजी

मेहकरात डेट्रॉइटची काळजी वाहणारा एकच माणूस होता आणि तो सायकलवर फिरायचा.

अमेरिकेत डेट्रॉइटला मुख्यालय असलेल्या एका मोठ्या मोटार कंपनीचं छोटंसं शोरूम आमच्या गावाबाहेर, चिखलीच्या रस्त्याला होतं. पुढे काचेची खोली, मागे पत्र्याचं वर्कशॉप आणि मध्ये एक कडुलिंब. काका तिथे गाड्या विकायचे. मी बी.कॉम. होऊन तिथे जॉबकार्ड लिहायला लागले, म्हणजे गाडी आली की तिला काय होतंय ते गिऱ्हाइकाला विचारून कागदावर उतरवायचं आणि कागद मिस्त्रीकडे द्यायचा. काकांना सगळेच काका म्हणायचे. मालक त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे होते, पण तेही काकाच म्हणत.

सकाळी नऊला काका सायकल कडुलिंबाला टेकवायचे, मानेवरचा घाम पुसायचे आणि मोबाइलवर अमेरिकेच्या बातम्या वाचायला बसायचे. गावात नळ आले की नाही, सोयाबीनला काय भाव निघाला, हे त्यांना दुपारपर्यंत माहीत नसायचं. पण तिकडे कुठल्या कंपनीनं कोणता कारखाना बंद केला, कोणाचा मोठा साहेब बदलला, कोणती गाडी बनवणं थांबवलं, हे सगळं पाठ. आमच्या घरचे आजारी मामाबद्दल ज्या सुरात बोलायचे, त्याच सुरात काका बोलायचे. "पोरी, आपल्या कंपनीचं काही खरं दिसत नाई. मांगच्या आठवड्यापासून तब्येत उतरूनच राह्यली."

"काका, कंपनीला माहीत आहे का, ती तुमची आहे म्हणून?" मी विचारायचे.

"तिले नसन माहीत. मले हाये ना."

मी हसायचे. त्यांना राग यायचा नाही. उलट ते सरकून बसायला जागा करायचे आणि समजावून सांगायला लागायचे. "तिकडच्या लोकायनं लहान गाड्या बनवनं बंद करायचं ठरवलं म्हने. मोठ्या गाडीत नफा हाये. हाव, हाये ना, मी कुठं नाई म्हनतो? पन मानूस पयली गाडी कोनती घेते? लहान. पयल्या गाडीवर त्याचा जीव बसते. थे पयली गाडी त्यानं जपानवाल्याची घेतली, त मंग मोठी घ्यायले तुह्याकडे काऊन येईन?" हे बोलताना त्यांचा आवाज खरोखर कातर व्हायचा. मला तेव्हा ते येडेपणाचं वाटायचं. आता मी स्वतः धंद्यात आहे आणि अमेरिकेतल्या त्या मोठ्या कंपन्यांच्या अडचणींवर शहाण्या माणसांनी लिहिलेलं वाचते, तेव्हा त्यात काकांहून वेगळं फारसं काही सापडत नाही.

मोटारी विकणाऱ्या माणसाकडे मोटार नाही, याची गावात चेष्टा व्हायची. कंपनी त्यांना सवलतीत गाडी द्यायला तयार होती. काका घेईनात. मी एकदा खोदून विचारलं, तर म्हणाले, "माह्या बुडाखाली कंपनीची गाडी आली का लोक म्हनतीन, कंपनीनं देली म्हनून हा गोड बोलून राह्यला. मंग माह्या शब्दाले कोन इचारन?" आणि खरंच, शब्दाच्या बाबतीत हा माणूस अतिशय हट्टी होता. "ही घ्या" असं ते कोणालाही म्हणायचे नाहीत. गाडी दाखवताना आधी तिच्या खोडी सांगायचे. मागची सीट उंच माणसाला अडचणीची आहे, डिझेलचा फिल्टर वेळेवर बदलला नाही तर गाडी रडते, हॉर्न बायकी आहे. एवढं ऐकून जो टिकला त्याला ते चहा पाजायचे.

टिकलेल्या माणसाचीही सुटका नव्हती. गाडी ठरली की काका एस.टी.नं त्याच्या गावी जाऊन यायचे. गल्ली पावलांनी मोजायचे आणि गाडी उभी कुठे राहणार ते दाखवा म्हणायचे. त्याला कारण होतं. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास सोयाबीन घरात येतं. पोती रचायला कोरडी जागा हवी, नवी गाडीही उन्हात ठेवायला जिवावर येतं, म्हणून लोक दोन्ही एकाच गोदामात ठेवतात. पोत्यांमागे उंदीर येतात आणि दोन दिवसांत गाडीच्या पोटात शिरून वायरी कुरतडतात. मग आमच्याकडे जॉबकार्डावर एकच मजकूर: गाडी चालू होत नाही, दिवे लागत नाहीत. आणि गावभर बोभाटा, अमेरिकेची गाडी भंगार निघाली.

धोडपच्या बाजूचे एक पाटील होते. त्यांना काकांनी तोंडावर सांगितलं, "पाटील, पयले पोते हालवा, नाई त गाडी इसरा."

पाटील भडकले. "तुम्ही गाडी विकून राह्यले का सोयरीक जुळवून राह्यले?"

"सोयरीकच समजा," काका म्हणाले. शेवटी पाटलांनी पत्रे ठोकून वेगळा आडोसा केला, काका पुन्हा एस.टी.नं जाऊन तो पाहून आले आणि मगच चावी दिली. त्या महिन्यात आमच्या शोरूमच्या दोनच गाड्या गेल्या. मालकांनी अकोल्याहून फोन करून काकांना भरपूर सुनावलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या गिऱ्हाइकाची गल्ली मोजायला गेले.

कंपनीनं त्या सुमारास एक शहाणपण केलं होतं. एकच गाडी दोन नावांनी बाजारात आणली होती. एक साधं नाव, एक भारी नाव. भारी नावाच्या गाडीला समोरची जाळी चकचकीत, सीटा जरा गुबगुबीत, किंमत मात्र बरीच वर. आमच्या ओळखीत दोन व्याही झाले. मुलीच्या बापानं साधी गाडी आमच्याकडून घेतली होती आणि मुलाच्या बापानं भारी नावाची अकोल्याहून. लग्नात दोन्ही गाड्या मांडवाबाहेर शेजारी शेजारी लागल्या. मुलाचे वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला जाळी दाखवत होते. मुलीचा मामा ट्रॅक्टरचा मिस्त्री. त्याला राहवेना. त्यानं दोन्ही बॉनेटं उघडली, इकडून तिकडे दोनदा पाहिलं आणि ओरडला, "अबे, हे त आतून एकच हाये!"

आत मंगलाष्टकं चालू होती आणि अर्धं वऱ्हाड बाहेर बॉनेटांत डोकी घालून उभं. मुलाचे वडील म्हणाले, शक्यच नाही. काका अक्षता हातात धरून तसेच उभे होते, त्यांना ओढून आणलं. आता खरं तर एखादा माणूस म्हणाला असता, इंजिन सारखं दिसतं पण आत फरक असतो. काकांनी सरळ सांगितलं, "हाव, एकच हाये. फक्त जाळी येगळी." मुलाचे वडील जेवले नाहीत. मुलीच्या बापानंही समजूत घालायची सोडून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं आणि ते दुसऱ्याला दिसलं. त्यानंतर दोघे व्याही एकमेकांशी फक्त सुनेमार्फत बोलायचे.

काकांनी ती गोष्ट फार मनाला लावून घेतली. व्याह्यांची नव्हे, कंपनीची. "कपाशीचं एकच बियानं पाच नावाच्या पाकिटात भरून विकनारे आपन पाह्यले ना? पयल्या वर्षी शेतकरी फसते. दुसऱ्या वर्षी तो पाकीट फोडून दाना हातावर घेऊन पाह्यते. तिसऱ्या वर्षी तो दुकानाच्या पायरीवर बी चढत नाई. एवढी मोठी कंपनी, तिले हे कोनी सांगत काऊन नाई?" मग त्यांनी स्वतःच सांगायचं ठरवलं. डेट्रॉइटला पत्र लिहिलं. ते मराठीत बोलले आणि मी इंग्रजीत उतरवलं. नावं कमी करा, दिलेलं नाव सारखं बदलू नका, आणि गाडी पोचायच्या आधी तिचं सामान, म्हणजे सुटे भाग, पोचवा, एवढाच त्या दोन पानांचा अर्थ होता. मी विचारलं, "काका, शेवटी काय लिहू? आपला विश्वासू?" ते म्हणाले, "लिही ना, खरंच हाये थे."

तीन महिन्यांनी उत्तर आलं. चार ओळींत आभार आणि कागदाच्या तळाशी कंपनीच्या वेगवेगळ्या गाड्यांची चार चिन्हं ओळीनं छापलेली. काकांनी कागद माझ्यासमोर धरला. "पाह्य. आभार एक अन् शिक्के चार." ते हसले खरे, पण त्या दिवशी त्यांनी मोबाइलवर बातम्या उघडल्या नाहीत.

पुढे मुंबईहून एक तरुण साहेब आला. ब्रँड वर न्यायचा, असं कंपनीचं नवं धोरण होतं. त्यानं कडुलिंबाखालचं लाकडी बाकडं काढायला लावलं आणि काचेच्या खोलीत पांढरे सोफे ठेवले. कॉफीचं यंत्र आलं. पहिल्याच आठवडी बाजाराच्या दिवशी चार-पाच शेतकरी गाडी बघायला आले आणि काचेबाहेरच उभे राहिले. मी म्हटलं, आत या ना. त्यातला एक म्हणाला, "नाई वो ताई, कपडे मयले हायेत, थे पांढरं खराब होईन." ते बाहेरूनच गाडी पाहून गेले. संध्याकाळी काकांनी बाकडं उचलून पुन्हा झाडाखाली आणलं. एका बाजूनं मी धरलं होतं, हे मी अभिमानानं सांगते.

साहेब चिडला. "काका, ब्रँड म्हणजे काय? इथे आल्यावर माणसाला वाटलं पाहिजे की आपण कोणीतरी झालो."

"साहेब," काका शांतपणे म्हणाले, "त्याले इथं येऊन वाटून राह्यलं का आपन कोनीच नाई."

साहेब वाईट नव्हता. जाताना त्यानं बाकड्यावर बसून चहा घेतला.

आता कांचनचं सांगते, कारण काकांचं सगळं तिच्यापाशी येऊन अडलं.

कांचन वरवट बकालची. वडील भाजीपाला लावायचे. हिला गाडी चालवायचं वेड. सव्वीस वर्षांची, चुलत्याची जीप चालवून हात बसलेला. तिच्या गावाकडून पेशंट लोकांना खामगावला, अकोल्याला न्यायचं तर फार हाल व्हायचे, म्हणून तिला स्वतःची गाडी घेऊन हाच धंदा करायचा होता. अकोल्यात दुसऱ्या कंपनीची गाडी तिनं जवळपास ठरवली होती. आमच्याकडे आली ती फक्त पाहून घ्यावं म्हणून. काकांनी सवयीप्रमाणे खोडी सांगायला सुरुवात केली. तिनं अर्ध्यावर थांबवलं.

"खोडी पुरे झाल्या, काका. मी तुमची लेक असती त मले कोनती घ्यायले सांगतली असती?"

काकांनी गाडीच्या पत्र्यावर हात फिरवला. मग म्हणाले, "ही घे."

मी लिहिता लिहिता मान वर केली. इतक्या वर्षांत हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. "ही घे पोरी," ते पुन्हा म्हणाले. "पत्रा जाड हाये, रस्ता धरून चालते, आत झोपलेल्या मानसाले गचका लागत नाई. अन् मी हाये ना इथं." कांचननं अकोल्याची गाडी सोडली आणि ही घेतली.

अकराव्या दिवशी टी.व्ही.वर बातमी आली. कंपनी भारतातलं काम बंद करून परत चालली होती.

त्या दिवशी शोरूमचा फोन खाली ठेवता येत नव्हता. कंपनी पळाली, आमच्या भाषेत 'पयाली', असं जो तो म्हणत होता. सामान मिळेल का, गाडी विकावी का, विकली तर घेणार कोण? मी एकेकाला तेच तेच सांगत होते आणि मला स्वतःलाच त्यातलं काही माहीत नव्हतं. दुपारी कांचन आली. एवढ्या लांबून एकटी चालवत आली. गाडी काचेसमोर आडवी लावली, उतरली आणि काकांच्या हातावर चावी ठेवली.

"तुमची गाडी. तुम्हीच घे म्हनले होते."

ती चालत एस.टी. स्टँडकडे निघून गेली. काका चावी धरून उभेच. मला रडू आलं आणि रागही आला. कंपनीचा आला, कांचनचा आला आणि काकांचाही आला. आयुष्यभर तोंड आवरलं आणि नेमकं इथेच कशाला बोलले?

तीन दिवस काका आले नाहीत. मी घरी गेले तर काकू म्हणाल्या, जेवतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. चौथ्या दिवशी सायकल कडुलिंबाला टेकलेली दिसली आणि माझ्या जिवात जीव आला. त्यांच्या हातात कागद होता. "कंपनी वाचन का नाई, थे तिकडचे लोक पाह्यतीन. मले वाटते वाचन. अक्कल आली का वाचन. आपल्याले इथल्या गाड्या वाचवाच्या हायेत."

मालक मेहकरचं शोरूम बंद करणार होते. सीलबंद खोक्यांतलं सामान कंपनी परत घेणार होती, पण फोडलेल्या खोक्यांतलं सामान आणि टेस्ट ड्राइव्हची एक जुनी गाडी कोणालाच नको होती. काकांनी दोन्ही मागून घेतलं. मालकांनी वर्कशॉपचा पत्रा आमचे मिस्त्री रफिकभाई यांना चालवायला दिला आणि जॉबकार्ड लिहायला मी थांबले. त्या जुन्या गाडीचा रफिकभाईंनी चार दिवसांत एकेक नट मोकळा केला. प्रत्येक भाग डिझेलनं धुतला, पुसला आणि जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधला.

पुढच्या रविवारी जिल्हाभरातून साठेक गाड्यावाले आले. काहीजण भांडायच्याच तयारीनं आले होते. काका बाकड्यावर उभे राहिले. त्यांना भाषण येत नव्हतं. "हे सामान मी इथं ठेवीन त उंदरं खातीन नाई त चोर नेतीन," ते म्हणाले. "म्हनून एकेक सामान एकेकाच्या घरी राहीन. कोरड्या जागी, पोत्यापासून दूर. ज्याची गाडी बंद पडली त्याचा फोन ह्या पोरीले येईन. पोरगी सांगन त्यानं त्याच दिवशी सामान एस.टी.त द्यायचं. अन् ज्यानं वापरलं त्यानं शहरातून तसंच सामान शोधून त्याच घरी परत ठेवायचं. घर रिकामं नाई राह्यलं पाह्यजे."

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "अन् भारी नावाची गाडी असन त?" सगळे हसले. ते लग्नातले दोन व्याही दोन टोकांना उभे होते. काका म्हणाले, "कंपनीनं एकच गाडी दोन नावानं विकली, थे बरंच झालं म्हना आता. ह्याचं सामान त्याले बसते." कंपनीचा तो मूर्खपणा आमच्या कामाला आला. एका व्याह्याच्या घरी गिअरबॉक्स गेला आणि दुसऱ्याच्या घरी क्लच, आणि गिअरबॉक्स उतरवला की क्लच लागतोच, दोन्ही एकदमच पाठवावे लागत, त्यामुळे त्या दोघांना पुढे सुनेशिवाय बोलावं लागलं. वॉटर पंप धामणगाव बढ्याच्या देवराव नावाच्या शेतकऱ्याकडे गेला. कोणाकडे काय आहे त्याची यादी माझ्याकडे.

कांचन त्या सभेला आली नव्हती. तिची गाडी तशीच आमच्या पत्र्याखाली उभी होती. काका स्वतः ती चालवत वरवट बकालला घेऊन गेले. परत आल्यावर त्यांनीच मला सांगितलं. तिच्या दारात त्यांनी चावी पुढे केली आणि म्हणाले, "गाडी तुही हाये. सामानापायी तुही एक खेप जरी चुकली, त मी सगळ्यायसमोर म्हनन का मी तुले खोटं सांगतलं." पेशंटवाल्यांचे फोन येत होते, म्हणून तिनं चावी घेतली. काकांना तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. हे सांगताना त्यांनी मान खाली घातली होती. मग एस.टी.नं परत आल्यामुळे पाठ कशी आखडली, यावर बोलत बसले.

आठ महिने लोटले. तेवढ्यात सामान कितीदा तरी इकडून तिकडे गेलं. पहिली एक-दोन माणसं वापरलेलं सामान परत ठेवायला टाळाटाळ करत होती. काका त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे, काही न बोलता. दुपार झाली की घरातल्या बायकाच आपल्या माणसाला म्हणायच्या, आणून टाका एकदाचं, हे जेवतही नाहीत आणि उठतही नाहीत. मग गाडी रुळावर आली.

एका दुपारी फोन वाजला. कांचन. माझ्याशी ती नेहमी नीट बोलायची, फक्त काकांचं नाव काढायची नाही. नांदुऱ्याजवळ तिची गाडी तापून बंद पडली होती. तिथल्या मिस्त्रीनं वॉटर पंप गेल्याचं सांगितलं होतं. "ताई, उद्या सकाळी आमच्या गुरुजीले खामगावले न्यायचं हाये. डायलिसिस हाये. आठवड्यातून दोनदा नेतो मी त्याले. उद्या नाई चुकली पाह्यजे." गावातले म्हातारे गुरुजी. त्यांना एस.टी.त बसवणं शक्य नव्हतं आणि दुसरी गाडी ऐनवेळी मिळेलच असं नव्हतं.

मी धामणगाव बढ्याला फोन लावला. देवराव मळ्यात होते. त्यांच्या बायकोनं उचलला. "कोनतं सामान? थे धोतरातलं? देतो मी एस.टी.त." मी तिला मोताळ्यात गाडी बदलावी लागते ते सांगितलं. "म्हंजे कंडक्टर बदलन? मंग नाई जमत. कोनी इसरलं त? मीच येतो घेऊन." रफिकभाई हत्यारांची पिशवी मोटारसायकलला बांधून निघाले. ती बाई पंप मांडीवर घेऊन दोन एस.टी. बदलत नांदुऱ्याला पोचली.

काका त्या दिवशी बसले नाहीत. कडुलिंब ते फाटक, फाटक ते कडुलिंब. "बाई बसली का गाडीत?" हे त्यांनी मला तीनदा विचारलं. चहा आणला तो तसाच गार झाला. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एक पंप जरी नांदुऱ्याला पोचला नसता, तरी हा माणूस बाकड्यावर चढून सगळ्यांना सांगणार होता की आपण खोटं बोललो, आणि त्यानंतर पुन्हा कोणाला काही सांगणार नव्हता. मला याची खात्री होती.

दिवस मावळायच्या सुमाराला कांचनचा फोन आला. "चालू झाली. चाललो घरी." एवढंच. मी काकांना सांगितलं. ते नळावर तोंड धुवायला गेले आणि कितीतरी वेळ तोंडच धूत राहिले. दुसऱ्या दिवशी गुरुजी वेळेवर खामगावला पोचले, हे मला रफिकभाईंकडून कळलं. काकांना तिचा फोन आला नाही. त्यांनी अपेक्षाही केली नव्हती, असं ते म्हणत. मला ते खरं वाटलं नाही.

काका आता लेकीकडे नाशिकला असतात. तिथून अजून फोन करतात आणि तब्येत विचारली की अमेरिकेतल्या कंपनीची सांगतात. अलीकडे ते खुशीत आहेत. "तिकडं नावं कमी करून राह्यले, पोरी. लहान गाडीचं बी पुन्हा बोलून राह्यले. वाचतीन, पाह्य तू." पत्र्याचं वर्कशॉप आता रफिकभाईंचं आणि माझं आहे. त्या गाड्यांपैकी बऱ्याच अजून चालतात. सामानाची यादी भिंतीवर आहे आणि दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यावालेही विचारायला येतात की आमचंही असं काही जमेल का. आम्ही जमवून देतो.

पण काका जायच्या आधीची एक सकाळ सांगायची राहिली.

त्या सकाळी वर्कशॉपात गर्दी नव्हती. काका रफिकभाईंशी एका आवाजावरून वाद घालत होते, हा आवाज बेअरिंगचा की टायरचा. कांचनची गाडी फाटकातून आत आली. काका बोलता बोलता थांबले आणि बाजूला सरकले, तिला वाट द्यायला. ती उतरली. माझ्याकडे आली नाही. सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, धंदा वाढला. आणखी एक गाडी घ्यायची हाये. गावातलीच एक पोरगी चालवन थे. कोनती घेऊ?"

काकांनी आधी रफिकभाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जणू तिनं आमच्यापैकी कोणाला तरी विचारलं असावं.

"मले इचारून राह्यली?"

"हाव."

"कांचन, मांगच्या वक्ती मी सांगतलं अन् अकरा दिवसात कंपनी पयाली."

"कंपनी पयाली," कांचन म्हणाली. "तुम्ही कुठं पयाले?"